अठ्ठेचाळीस तासांचं औषध

जुलै लागला की आमच्या दुकानात दिवसभर एकच मागणी असते: "ताई, सर्दी-तापावर काहीतरी स्ट्राँग द्या." स्ट्राँग म्हणजे अझिथ्रोमायसिन. तीन गोळ्यांची स्ट्रिप, मागच्या खेपेला शेजारच्यांना लागू पडली होती, तेवढा पुरावा पुरतो. मी कोथरूडला औषधाचं दुकान चालवते. बी. फार्म. झाल्यापासून काउंटरच्या आतल्या बाजूलाच उभी आहे. अझिथ्रोमायसिन बॅक्टेरियावर चालतं, फ्लू विषाणूमुळे होतो आणि विषाणूला त्या गोळीने ढिम्म काही होत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की काही नेहमीची गिऱ्हाइकं आता ते वाक्य माझ्याआधी पुरं करतात. आणि मग म्हणतात, "ते ठीक आहे हो, पण द्या."

चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग विषाणूवर औषधच नाही का?

आहे. मोजकीच औषधं आहेत आणि त्यांतली बहुतेक एकाच युक्तीवर उभी आहेत. विषाणूचं जे काम एखाद्या एन्झाइमवर, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या विकरावर, अवलंबून असतं, ते एन्झाइम बंद पाडायचं. ही औषधं कशी घडली, ती नेमकं काय करतात आणि आपल्याकडे दोन साथींमध्ये ती हाताळताना घड्याळाचा कसा विसर पडला, ते मला सांगायचंय.

चिकटायचं आणि सुटायचं

बॅक्टेरिया ही स्वतंत्र पेशी असते. तिची भिंत वेगळी, तिची प्रथिनं तयार करायची यंत्रणा वेगळी. आपल्या पेशींना धक्का न लावता तिच्यावर घाव घालता येतो, म्हणून अँटिबायोटिक्स पुष्कळ निघाली. विषाणूचं तसं नाही. तो आपल्याच पेशीत शिरतो आणि आपल्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्याला मारायला जावं तर मार आपल्याला बसतो. मात्र काही कामं आपल्या पेशीला येतच नाहीत. त्यांच्यासाठी विषाणूला स्वतःची एन्झाइम्स सोबत आणावी किंवा आत आल्यावर बनवावी लागतात. औषध शोधणाऱ्यांची नजर असते ती या एन्झाइम्सवर.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रथिनं असतात: हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज. एच-वन-एन-वन या नावातले एच आणि एन ते हेच. आपल्या श्वासनलिकेतल्या पेशींच्या पृष्ठभागावर सियालिक ॲसिड नावाची शर्करा असते. एच तिला चिकटतं, विषाणू आत जातो आणि त्याच्या प्रती तयार होतात. अडचण येते बाहेर पडताना. नव्या विषाणूंच्या अंगावरही तेच चिकट एच असतं आणि पेशीवर तीच शर्करा. माळावरून चालून आल्यावर धोतराला कुसळं चिकटून बसावीत, तसे ते त्याच पेशीला चिकटून बसतात. इथे एन कामाला येतं. हे एन्झाइम ती शर्करा कातरून टाकतं आणि विषाणू पुढच्या पेशीकडे जायला मोकळा होतो.

एन बंद पाडलं तर नवे विषाणू जन्मतात, पण तिथेच गोळा होऊन अडकतात आणि फैलाव खुंटतो. ज्या पेशींत विषाणू आधीच शिरलाय, त्यांचं नुकसान मात्र हे औषध भरून काढत नाही. फ्लूमध्ये विषाणूंची संख्या लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळसाला पोचते आणि मग शरीर स्वतःच तिला उतरवू लागतं. पाचव्या दिवशी फैलाव थांबवायचं औषध घेतलं तर थांबवायला फारसं उरलेलं नसतं. पाकिटावरच्या माहितीपत्रकात '४८ तासांच्या आत' असं असतं, ते यासाठी.

मेलबर्नची खाच

हे एन्झाइम शास्त्रज्ञांना ठाऊक होतं, पण ते दिसतं कसं हे माहीत नव्हतं. एन्झाइमचा आकार पाहायचा तर त्याचे स्फटिक करावे लागतात आणि त्यांतून क्ष-किरण सोडावे लागतात. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले ग्रॅम लेव्हर या कामाने झपाटलेले होते. फ्लूचे विषाणू पक्ष्यांतही असतात, हे पडताळायला ते आणि रॉबर्ट वेब्स्टर ग्रेट बॅरियर रीफच्या बेटांवर जाऊन समुद्रपक्ष्यांचे नमुने घेत. लेव्हर यांनी न्यूरामिनिडेजचे स्फटिक वाढवले, मेलबर्नच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत पीटर कोलमन आणि जोस वर्गीस यांनी त्यांची रचना उलगडली, आणि १९८३ मध्ये ती 'नेचर'मध्ये छापून आली.

त्या रचनेत एक खाच दिसली. फ्लूचा विषाणू दरवर्षी अंगावरचं रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी बदलावी लागते. पण शर्करा कातरली जाते ती खाच मात्र ए आणि बी दोन्ही फ्लूंच्या विषाणूंत जवळपास तशीच होती. ती बदलली तर एन्झाइमच चालेनासं होईल, त्यामुळे विषाणूला तिथे फारशी मोकळीक नव्हती.

मग मेलबर्नच्याच व्हिक्टोरियन कॉलेज ऑफ फार्मसीत मार्क फॉन इट्स्टाइन यांच्या गटाने त्या खाचेत बसणारा रेणू घडवायला घेतला. सियालिक ॲसिडशी साधर्म्य असलेला, हे एन्झाइम कसाबसा अडवणारा एक रेणू आधीपासून माहीत होता. खाचेचा नकाशा संगणकावर फिरवून पाहताना रेणूच्या एका जागेलगत थोडी रिकामी जागा असल्याचं आणि तिच्या तळाशी ऋणभाराची अमिनो आम्लं असल्याचं दिसलं. त्या जागी त्यांनी ग्वानिडिन हा धनभाराचा गट बसवला. तो तिथे घट्ट धरला गेला आणि औषधाचा जोर हजारो पटींनी वाढला. हेच झनामिवीर, बाजारातलं नाव रेलेन्झा. एन्झाइमचा आकार पाहून रेखलेली औषधं त्या काळी विरळा होती. औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण अजूनही शिकवतात.

पण झनामिवीर पोटातून रक्तात नीट जात नाही. ते पूड करून तोंडाने ओढावं लागतं, आणि दम्याच्या रुग्णाला ती पूडच त्रास देऊ शकते. अमेरिकेत १९९९ च्या फेब्रुवारीत सल्लागार समितीने १३ विरुद्ध ४ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला. लाभ पुरेसा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, तो कौल बाजूला ठेवून जुलैमध्ये मान्यता दिली. लाभ नेमका किती, हा वाद या औषधांच्या पाठीमागे तेव्हा लागला तो अजून सुटलेला नाही.

चक्रीफूल ते कॅप्सूल

गोळी आली ती कॅलिफोर्नियाच्या गिलियड कंपनीकडून. तीच खाच, पण रेणू असा की तो तोंडाने घेता येईल. पोटात जातो तेव्हा तो निष्क्रिय असतो, यकृतातलं आपलं एक एन्झाइम त्याचा तुकडा काढतं आणि मग तो कामाला लागतो. रॉश कंपनीने हक्क घेतले आणि १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ऑसेल्टामिवीरला, म्हणजे टॅमिफ्लूला, अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी.

याचा कच्चा माल शिकिमिक ॲसिड. तो मुख्यतः चीनमधल्या चक्रीफुलातून काढत. आपण मसाल्यात घालतो तेच हे चक्रीफूल. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने देशोदेशींची सरकारं साठा करू लागली तेव्हा चक्रीफुलाचा तुटवडा पडला, पुढे बॅक्टेरियाकडून ते ॲसिड बनवून घेण्याची पद्धतही वापरात आली. चक्रीफुलाचा काढा प्यायला तर चालेल का, असं मला अजून विचारतात. नाही. शिकिमिक ॲसिड आणि टॅमिफ्लू यांच्यामध्ये कारखान्यातले दहाएक रासायनिक टप्पे आहेत.

पुणे, ऑगस्ट २००९

३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. एक शाळकरी मुलगी गेली. त्यानंतरचा आठवडा ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलच्या बाहेर तपासणीसाठी रांगा. नमुने जात होते ते आंबेडकर रस्त्यावरच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, एनआयव्हीकडे. आमच्या दुकानातले मास्क सकाळी आले की दुपारपर्यंत संपत. बायका कापूर आणि वेलदोड्याच्या पुरचुंड्या करून मुलांच्या खिशात घालत होत्या.

टॅमिफ्लू मात्र आमच्याकडे नव्हतं आणि ठेवताही येत नव्हतं. औषध सरकारी केंद्रांतून मिळत होतं. पुढे किरकोळ विक्रीला परवानगी मिळाली तीही शेड्यूल एक्सचं लायसन असलेल्या मोजक्या दुकानांना. म्हणजे कुलूपबंद कपाट आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानात जपून ठेवायची. २०१७ मध्ये ते शेड्यूल एच-वनमध्ये आलं. आता चिठ्ठी पाहून देता येतं, फक्त वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं.

त्या वेळच्या गोंधळात एक चांगली गोष्ट हरवली. केंद्र सरकारने रुग्णांचे तीन गट करून दिले होते. गट 'ए': साधा ताप, खोकला, अंगदुखी. तपासणी नको, टॅमिफ्लू नको, घरी राहा, दिवस-दोन दिवसांनी पुन्हा दाखवा. गट 'बी': जोराचा ताप आणि घसा फार दुखणारा, किंवा गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, पासष्टच्या वरचा माणूस, मधुमेह, दमा, हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग, स्टिरॉइड चालू असलेला रुग्ण. जोखमीच्या या मंडळींना तपासणीची वाट न बघता औषध सुरू करा. गट 'सी': धाप, छातीत दुखणं, रक्तदाब घसरणं, नखं निळी पडणं. थेट दाखल करा, तपासा, औषध लगेच द्या.

या वर्गवारीच्या पोटात ते ४८ तास दडलेले आहेत. ज्याला जोखीम नाही त्याला औषध देऊन फार पदरात पडत नाही. ज्याला आहे त्याचा रिपोर्ट येईपर्यंत वेळ निघून जातो. प्रत्यक्षात काय झालं? धडधाकट माणसं रांगेत उभी राहिली आणि जोखमीची माणसं घरी 'बघू उद्यापर्यंत' म्हणत बसली. आजही माझ्या काउंटरवर तेच दिसतं. ऑसेल्टामिवीरची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला मी विचारते, "ताप कधीपासून?" उत्तर पुष्कळदा 'पाच-सहा दिवस झाले' असं असतं. तेव्हा घेणंही निरुपयोगी म्हणता येत नाही. अत्यवस्थ रुग्णाला डॉक्टर उशिरानेही देतात आणि तो निर्णय त्यांचा. पण या औषधाचा खरा जोर तोवर ओसरलेला असतो.

लाभ किती?

२०१४ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन गटाच्या टॉम जेफरसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बरीच वर्षं कंपन्यांच्या मागे लागून मिळवलेले चाचण्यांचे मूळ अहवाल तपासले. निष्कर्ष असा: मोठ्या माणसांत टॅमिफ्लूमुळे लक्षणं सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत ओसरतात, म्हणजे साधारण १७ तासांची बचत. दाखल होण्याचं प्रमाण घटल्याचं त्यांना दिसलं नाही. उलट मळमळ आणि उलट्या वाढल्या. ब्रिटनने या औषधाच्या साठ्यावर ४० कोटी पौंडांहून जास्त खर्च केला होता, त्यामुळे तिथे मोठं वादळ उठलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत टॅमिफ्लूला मुख्य गटातून पूरक गटात ढकललं.

पण १७ तास ही सरासरी आहे. २००३ च्या एका अभ्यासात ताप आल्यापासून १२ तासांच्या आत गोळी घेणाऱ्यांचा आजार, ४८ तासांनी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे तीन दिवस आधी आटोपला होता. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या युरोपातल्या चाचणीतही वयस्कर आणि जास्त आजारी लोकांत लाभ दोन-तीन दिवसांपर्यंत गेला. या दोन्ही अभ्यासांत गोळी मिळतेय हे रुग्णाला ठाऊक होतं, ही त्यांची मर्यादा. तरी दिशा एकच दिसते: लवकर घेतली तर जास्त उपयोग, आणि तोही जोखमीच्या माणसाला जास्त.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. २००७-०८ च्या हिवाळ्यात नॉर्वेत नेहमीच्या एच-वन-एन-वनचे टॅमिफ्लूला दाद न देणारे विषाणू मोठ्या प्रमाणात सापडले आणि पुढच्या मोसमात ते जगभर पसरले. न्यूरामिनिडेजमधलं एकच अमिनो आम्ल बदललं होतं. झनामिवीर त्यांच्यावर चालत होतं, कारण ते मूळ शर्करेच्या जास्त जवळचं आहे. २००९ चा स्वाइन फ्लूचा नवा विषाणू आला, त्याने त्या जुन्या प्रकाराला हुसकावलं आणि टॅमिफ्लू पुन्हा उपयोगी ठरलं. आपलं नशीब, दुसरं काय. जपानच्या शिओनोगी कंपनीचं बॅलोक्झाविर २०१८ मध्ये आलं ते म्हणूनच महत्त्वाचं. ते न्यूरामिनिडेजच्या वाटेला न जाता विषाणूच्या प्रती निघण्यासाठी लागणारं वेगळंच एन्झाइम अडवतं, आणि त्याची एकच मात्रा पुरते.

कोरोनाचे दोन धडे

एप्रिल २०२१ कोणी विसरलेलं नाही. रेमडेसिव्हिरच्या एका व्हायलसाठी लोक रात्री-अपरात्री शहरभर फिरले, सरकारने निर्यात बंद केली, काळा बाजार झाला. माझ्या फोनवर ओळखीपाळखीच्या माणसांचे मेसेज येत राहायचे आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं.

रेमडेसिव्हिर हेही एन्झाइम अडवणारंच औषध. कोरोनाचा विषाणू ज्या पॉलिमरेजने आपल्या आरएनएच्या प्रती काढतो, त्यात ते खोटी कडी बनून शिरतं. व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांत मृत्यू टाळण्याइतका त्याचा परिणाम जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. त्या टप्प्यावर फुप्फुसाची हानी मुख्यतः शरीराच्याच दाहामुळे होत असते आणि तिथे उपयोगी पडलं ते स्वस्तातलं डेक्सामेथासोन. पण तेच रेमडेसिव्हिर जोखमीच्या, अजून दाखल न झालेल्या रुग्णांना पहिल्या सात दिवसांत सलग तीन दिवस शिरेतून दिलं, तेव्हा दाखल होण्याचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. औषध तेच, फरक पडला तो वेळेने. आपण ते शोधत फिरत होतो तेव्हा बहुतेकांच्या घरातला रुग्ण आधीच ऑक्सिजनवर होता.

दुसरा धडा पॅक्सलोविडचा. कोरोना आपली प्रथिनं एका लांब साखळीत बनवतो आणि मुख्य प्रोटिएज नावाचं एन्झाइम ती ठरावीक जागी तोडतं. ग्लुटामिन या अमिनो आम्लानंतर तोडण्याची त्याची खोड आपल्या शरीरातल्या प्रोटिएजमध्ये सापडत नाही, म्हणून ते चांगलं लक्ष्य. फायझरकडे २००३ च्या सार्स साथीच्या वेळचा एक रेणू पडून होता. त्यावर काम करून निर्माट्रेलविर तयार झालं आणि २२ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेत त्याला आपत्कालीन मान्यता मिळाली. लस न घेतलेल्या, जोखमीच्या लोकांत दाखल होणं किंवा मृत्यू ८९ टक्क्यांनी कमी. कमी जोखमीच्या लोकांत मात्र ठोस लाभ दिसला नाही. पुन्हा तीच दिशा.

पॅक्सलोविडच्या पाकिटात दुसरी गोळी असते, रिटोनाविर. तिचा कोरोनाशी थेट संबंध नाही. निर्माट्रेलविरला यकृतातलं एक एन्झाइम झपाट्याने मोडून टाकतं. रिटोनाविर त्या एन्झाइमला अडवतं, म्हणजे औषध रक्तात टिकतं. अडचण ही की आपण घेतो त्यातली कितीतरी औषधं तेच एन्झाइम मोडत असतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी न्यू जर्सीहून फोनवर होती. वडील पुण्याहून सहा महिन्यांची औषधं बॅगेत भरून तिच्याकडे गेले होते. तिथे कोविड झाला, डॉक्टरांनी पॅक्सलोविड लिहिलं. "काकू, इथला फार्मसिस्ट विचारतोय बाबा काय घेतात, आणि त्याला यातलं एकही नाव कळत नाहीये." नावं भारतीय ब्रँडची, त्याला कशी कळणार? मी तिला प्रत्येक स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. ॲटोरव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉलचं. टॅमसुलोसिन, प्रोस्टेटचं. ॲम्लोडिपिन, रक्तदाबाचं. रिटोनाविरसोबत तिन्हींचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पहिल्याने स्नायूंना इजा होऊ शकते, दुसऱ्याने रक्तदाब एकदम उतरून घेरी येऊ शकते. "ही मूळ नावं त्याला दे, आणि मूत्रपिंडाचा शेवटचा रिपोर्टही दाखव," एवढं मी सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिली दोन थोडे दिवस थांबवली, तिसऱ्यासाठी रक्तदाब मोजत राहायला सांगितलं, आणि पॅक्सलोविड त्याच संध्याकाळी सुरू झालं. क्षयावरचं रिफाम्पिसिन चालू असतं तर ते मुळीच देता आलं नसतं, कारण रिफाम्पिसिन उलट त्या एन्झाइमचं प्रमाण वाढवतं आणि निर्माट्रेलविर टिकू देत नाही.

विषाणूऐवजी आपलंच एन्झाइम अडवून त्याची वाट रोखायचा प्रयत्नही झाला. जपानमध्ये स्वादुपिंडाच्या दाहावर वापरतात ते कॅमोस्टॅट प्रयोगशाळेत विषाणूचा पेशीतला शिरकाव रोखत होतं, माणसांवरच्या चाचण्यांत मात्र त्याचा उपयोग दिसला नाही. आपल्याकडे २०२० मध्ये घरोघरी पोचलेल्या फॅविपिराविरचंही पुढच्या मोठ्या चाचण्यांत तसंच झालं.

तयारी कशाची?

एवढ्या वर्षांनी माझं मत असं झालंय की औषधाच्या साठ्याइतकीच गरज स्वस्त आणि तिथल्या तिथे होणाऱ्या तपासणीची आहे. कोविडची घरी करायची चाचणी आपण शिकलो. फ्लूचीही तशीच प्रत्येक छोट्या दवाखान्यात परवडेल अशी झाली, तर डॉक्टर पहिल्याच भेटीत ठरवू शकतील: याला ऑसेल्टामिवीर, याला नुसतं पॅरासिटामॉल, आणि अझिथ्रोमायसिन दोघांनाही नाही.

तोवर घरच्या घरी करता येण्यासारखं बरंच आहे. वयस्कर, गरोदर आणि जुना आजार असलेल्यांनी फ्लूची लस डॉक्टरांना विचारून पावसाळ्यापूर्वी घ्यावी, कारण कोणतीही गोळी तिची जागा घेत नाही. अशा माणसांनी चालू औषधांची मूळ नावं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावी. साथीच्या दिवसांत त्यांना ताप आला तर 'उद्या बघू' न म्हणता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. आणि डॉक्टरांनी ऑसेल्टामिवीर लिहिलं, तर पहिली कॅप्सूल त्याच रात्री काहीतरी खाऊन घ्यावी. उद्या सकाळी नाश्त्यानंतर सुरू करू म्हटलं, तर पहिले बारा तास तिथेच जातात.